जिभेचा दाखला

पोट लहान करून घेतल्यावर माणसाला पहिलं काय कळत असेल, तर चमचा ही केवढी मोठी वस्तू आहे ते. आयुष्यभर मी ज्याला चहाचा चमचा म्हणून हिणवलं, तोच आता भरून समोर आला की दडपण येतं. दवाखान्यात नर्सबाईंनी मला पहिल्यांदा प्यायला दिलं ते औषधाच्या बाटलीच्या झाकणातून. मी सवयीने ते झाकण एका दमात रिकामं करायला गेलो, तर बाई ओरडल्या, "अहो, हावरटपणा करू नका! अर्धं आत्ता, अर्धं थोड्या वेळाने." मी आजवर हावरट हा शब्द बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे, पण बाटलीच्या झाकणावरून ऐकायची ती पहिलीच वेळ.

तरी मी खुशीत होतो. खुशीत म्हणजे अगदी शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराइतका. आता आपण बारीक होणार, वाकून बुटाची नाडी बांधणार, खुर्चीतून उठताना खुर्ची खालीच राहणार, या कल्पनेनेच मला झोप येत नव्हती.

माझ्या नोकरीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी भानगड तिच्यापायी झाली. मी सूपच्या कारखान्यात मुख्य चवपरीक्षक आहे. आमचं भाज्यांचं पातळ सूप असतं. पूड गरम पाण्यात घालायची, ढवळायची, की झालं. ते दरवेळी तसंच लागतं की नाही हे बघायचा मला पगार मिळतो. माझ्या सहीशिवाय सूपचं एकही पाकीट फाटकाबाहेर जात नाही. आमच्या धंद्यात चव घेतली की घोट थुंकायची रीत आहे आणि त्यासाठी शेजारी स्टीलचं भांडं ठेवलेलं असतं. मी त्या भांड्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. जे सूप गिळायची आपली तयारी नाही त्यावर सही कशाला करायची? तत्त्व फार थोर होतं, फक्त त्या तत्त्वाला पोट सुटलं. शेवटी सर्जनसाहेबांनी ते कापून केळ्याएवढं केलं आणि मला घरी पाठवलं.

घरी आल्यावर सगळा कारभार पातळ होता. जे गाळणीतून खाली पडेल ते माझं, जे वर उरेल ते बायकोचं. मग एके दिवशी फोनवर दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं, "आता सूप चालेल." मी पलंगावरून ताडकन उठलो. टाके दुखले, पण मला त्याचं काही नव्हतं.

बायको म्हणाली, "घरात भाज्या आहेत. उकळून, गाळून देते."

"अगं, या घरात सूप एकच," मी म्हणालो. "आपलं."

तिने आमचंच पाकीट फोडलं. मी रुमाल लावून बसलो, डोळे मिटले, चमचा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"तू यात वरून मीठ घातलंस?"

"मी कशाला घालू? पाकीट फोडलं, पाणी ओतलं, ढवळलं."

"खारट आहे! अगं, तोंडात धरवत नाही!"

दुसरं पाकीट फोडलं. तेही खारट. तिसरं वेगळ्या पातेल्यात केलं, कारण पहिल्या पातेल्यावर माझा संशय होता. तेही तसंच. आता मला जो उत्साह चढला तो काय वर्णावा! माझ्या गैरहजेरीत कारखाना बुडाला होता आणि ते ओळखणारी एकमेव जीभ माझ्या तोंडात होती. मी लगेच माझ्या दुय्यमाला फोन लावला. हा गृहस्थ इतका नम्र आहे, की फोनवर बोलतानाही उभा राहतो.

"मीठ कोणी वाढवलं?" मी गरजलो. म्हणजे टाके सांभाळून जितकं गरजता येईल तितकं.

"कोणीच नाही सर. तुम्ही ठरवलं तेवढंच आहे सर."

"मग मला खारट का लागतंय?"

"तसं वर कळवू का सर?"

"कळव! आत्ताच्या आत्ता कळव!" मी म्हणालो. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचाच, तर तो निदान जोरात मारावा.

वर कळवलं तर पुरावा हवा. पुरावा म्हणजे आमच्या इमारतीतले शेजारी. समोरचे निवृत्त हेडमास्तर तर दार उघडंच ठेवून बसलेले असतात. त्यांनी वाटीभर सूप पावाबरोबर संपवलं, आणखी अर्धी वाटी मागितली आणि निकाल दिला, "अळणी आहे."

"मास्तर, नीट बघा."

"अहो, मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला. खारं पाणी मला कळत नाही?"

वरच्या मजल्यावरच्या काकूंना सूपपेक्षा माझ्यात जास्त रस होता. त्या म्हणाल्या, "हे ऑपरेशनचंच आहे बरं का. माझ्या नणंदेच्या दिराने केलं होतं. त्याला नंतर साबणाचा वास सोसेना. आंघोळच सोडली त्याने. बारीक झाला, पण जवळ कोणी जाईना." मग त्यांनी मला उजव्या कुशीवर झोपून सूप प्यायचा सल्ला दिला, डाव्या कुशीला मीठ जास्त लागतं म्हणून. सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी चव घेतलीच नाही. इथे तुमच्या दबावाखाली मत देणं बरोबर नाही, घरी जाऊन निःपक्षपातीपणे देतो, असं म्हणून ते पाकिटं घेऊन गेले. ते मत आजतागायत आलेलं नाही.

या सगळ्यात हाल माझेच होत होते. दिवाणखान्यात लोक भुरके मारत होते, पाव बुडवत होते, वाट्या चाटत होते आणि मी कोपऱ्यात चमच्याचं टोक ओठाला लावून बसलो होतो. माझं नवं पोट भरलं की दोन खुणा होतात. आधी नाक वाहायला लागतं, मग उचकी लागते. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. माझी आठवण माझं पोटच काढतं. मी उचकी दिली की काकू म्हणायच्या, "झालं बाई यांचं जेवण!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मनाला लागायचं.

तपासणीला गेलो तेव्हा मी सर्जनसाहेबांना सहज म्हणून विचारलं. ते माझं वजन बघून इतके खूश होते, की वर बघायलाच तयार नव्हते.

"चव बदलते कधीकधी," ते म्हणाले.

"पण परत येते ना?"

"काहींची येते."

"आणि बाकीच्यांची?"

"बाकीचे बारीक झाल्याच्या आनंदात असतात. त्यांचं लक्ष नसतं."

माझ्या पोटात गोळाच आला, आणि पोट आता एवढंसं असल्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यात दुसरं काही मावेना. म्हणजे सूप बरोबर आणि मी चुकीचा? गवयाचा आवाज गेला तर लोक हळहळतात. चवपरीक्षकाची चव गेली तर त्याला कोण विचारतो? मला दुसरं काही येत नाही हो! हिशेब येत नाही, यंत्र येत नाही, माणसांशी गोड बोलणं तर मुळीच येत नाही. मला फक्त चव येते. ती गेली तर मी नुसताच एक बारीक माणूस. मी बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, "नुसता बारीक का असेना, असलात म्हणजे झालं." मग पदराने डोळे टिपत आत गेली.

रजा संपवून मी कामावर गेलो. पँट दोन्ही हातांनी धरावी लागत होती, हा एक आनंद सोडला तर स्वागत थंडच झालं. माझ्या दुय्यमाने सांगितल्याबरहुकूम वर कळवलं होतं, की सरांना आपलं सूप खारट लागतं. आस्थापना अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. हे गृहस्थ हसतात ते फक्त नियम सापडल्यावर, आणि त्या दिवशी ते हसत होते.

"आजारपणानंतर रुजू होताना फिटनेसचा दाखला लागतो," ते म्हणाले.

मी सर्जनसाहेबांचा दाखला पुढे केला.

"हा पोटाचा झाला. तुम्ही आमच्याकडे जिभेवर आहात. जिभेचा आणा."

मी कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या छापील कागदावर डोळे होते, कान होते, गुडघे होते. जीभ नव्हती. त्यांनी मला आ करायला लावलं, बॅटरी मारली आणि मोठ्या मनाने समासात लिहून दिलं, 'जीभ आहे.' अधिकारी म्हणाले, असणं आणि फिट असणं यात फरक आहे. मी सर्जनसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मी जिभेला हातही लावलेला नाही, हवं तर तसं लिहून देतो. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझे डोळे बांधले, जिभेवर आळीपाळीने गोड, आंबट, कडू, खारट असं काय काय ठेवलं आणि मी सगळं बिनचूक ओळखलं. बाहेर येताना मला वर्गात पहिला आल्यासारखं वाटत होतं. अधिकाऱ्यांनी तोही दाखला उलटसुलट करून पाहिला.

"यावरून तुम्हाला मीठ कळतं, हे सिद्ध होतं. ते किती आहे हे कळतं, असं कुठे म्हटलंय?"

शेवटी प्रकरण मोठ्या साहेबांपुढे गेलं आणि त्यांनी झटक्यात तोडगा काढला. माझी परीक्षा घ्यायची. साहेबांसमोर, झाकलेले कप ठेवून. कपांमध्ये मीठ कमी-जास्त केलेलं असेल, त्यातलं नेहमीचं सूप मी ओळखायचं. ओळखलं तर खुर्ची माझी. नाही ओळखलं तर दुय्यम माझ्या खुर्चीत आणि मी खोकी विभागात. खोकी विभागात खोक्याचा तळ नीट चिकटला आहे का ते अंगठ्याने दाबून बघायचं असतं.

घरी बायकोने माझी तयारी करून घेतली. तोवर मला कुस्करलेलं अंडं, मऊ बटाटा असं काही काही चालू झालं होतं, पण सूपचे इतके घोट एका बैठकीत गिळणं शक्यच नव्हतं. थुंकावं लागणार होतं. तिने मला बेसिनपाशी उभं केलं.

"घोट घ्या. घेतलात? आता थुंका."

मी गिळला.

"अहो, थुंका म्हटलं!"

"होत नाही गं. घशातून आपोआप खाली जातं."

"लहान मूलसुद्धा थुंकतं!"

मी पुन्हा घोट घेतला, आरशात स्वतःकडे रागाने पाहिलं आणि पुन्हा गिळला. तिसऱ्यांदा जमलं, पण ते नेमकं तिच्या अंगावर. ती रागावली नाही. म्हणाली, "जमलं हो तुम्हाला!" आणि पदर झटकत हसत सुटली. तिचं ते हसणं ऐकून मला वाटलं, आता परीक्षा आपली.

परीक्षेच्या दिवशी चवीच्या खोलीत आम्ही चौघे होतो. मोठे साहेब, आस्थापना अधिकारी, माझा दुय्यम आणि मी. ही खोली मीच घडवलेली. भिंतींना पांढऱ्या फरशा, वर लाल दिवा, म्हणजे रंगावरून कोणाला सूप ओळखता येऊ नये. नियमही माझेच. परीक्षा सुरू झाली की संपेपर्यंत दार उघडायचं नाही, बाहेरचा वास आत येतो. नंबर टाकल्याशिवाय एकही भांडं टेबलावर ठेवायचं नाही. हे नियम मी केले तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पहिल्या कपाचं झाकण उघडलं. मी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि स्टीलच्या भांड्याकडे वळलो. समोर मोठे साहेब टक लावून बसले होते. ज्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, त्यांच्या तोंडासमोर थुंकायचं? मी गिळला.

"खारट," मी म्हणालो.

दुसरा कप. "खारट." तिसरा. "हाही खारटच." अधिकारी लिहीत होते आणि त्यांचं हसू रुंद होत होतं. चौथ्या कपाला माझं नाक वाहायला लागलं. मला आतून कळत होतं, की खुर्ची चालली. कपाळावर घाम आला होता. मी पाचवा कप उचलला आणि घोट घेतला.

काय सांगू! माझ्या अंगावर शहारा आला.

"हे! हे सूप!" मी जवळजवळ उठूनच उभा राहिलो. "साहेब, याला म्हणतात सूप! कुठे आरडाओरडा नाही. मीठ आहे, पण आहे असं सांगत नाही. भाज्या जिभेवर येतात, नमस्कार करतात आणि बाजूला होतात. आणि शेवटी घशात जो थंडावा राहतो ना, तो आपल्या सूपला पूर्वी होता! हेच आपलं नेहमीचं! पाच नंबर!"

दुय्यम बुटांकडे बघत होता.

"सर," तो शेवटी म्हणाला, "ते चूळ भरायचं पाणी आहे सर."

"पाणी? मग त्याच्यावर नंबर कशाला?"

"नंबराशिवाय काही टेबलावर ठेवायचं नाही ना सर. तुमचाच नियम सर."

माझे कान तापले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, आणि आता मी इतका बारीक झालो होतो की थोडी जागा मिळाली असती तर शिरलोही असतो. काहीतरी ठाम बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर बाहेर आली ती उचकी.

"उरलेले कप घ्या आणि संपवा," अधिकारी म्हणाले.

"आता नाही घेता येणार," मी म्हणालो. "पोट भरलं. अर्धा तास थांबावं लागेल."

"एवढ्या घोटांनी?"

"एवढ्या घोटांनी. उक्."

दार उघडता येत नव्हतं. मोठे साहेब शिस्तीचे, ते म्हणाले थांबू या. आम्ही बसून राहिलो. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. बाहेरून ताटांचे आवाज यायला लागले. साहेबांच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी दुय्यमाला नेहमीचं सूप कोणतं ते विचारलं, तो कप उचलला आणि चहासारखा भुर्रकन मोठा घोट घेतला.

"चांगलं तर आहे!"

आता माझं जायचं काही राहिलं नव्हतं. खुर्ची गेली, अब्रू गेली, मग भीड तरी कशाला ठेवायची? मी म्हणालो, "साहेब, माफ करा, पण तुम्ही सूप पीत नाही, ढोसता. इथे सगळेच ढोसतात. मीही जन्मभर तेच केलं. एकदा माझ्यासारखं पिऊन बघा. एवढासा घोट घ्या. जिभेवर ठेवा. गिळू नका. थांबा. अजून थांबा. आता गिळा. मग कप खाली ठेवा आणि गप्प बसा. थोड्या वेळाने दुसरा घोट."

साहेबांनी कप पुन्हा तोंडाला लावला होता; तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ओरडायचं असावं, पण तोंडात आधीच घोट होता. ते थांबले. गिळलं. कप खाली ठेवला. दुसरा घोट घेतला. अधिकाऱ्यांनीही साहेब करतात म्हणून एक कप उचलला. खोलीत इतकी शांतता होती, की दोघांचं गिळणं वेगवेगळं ऐकू येत होतं.

तिसऱ्या घोटाला साहेबांच्या भुवया हलल्या. चौथ्याला त्यांनी जीभ टाळूला चिकटवून सोडवली. पाचवा घोट घ्यायला ते तयारच होईनात.

"अहो," ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे खारट आहे."

"थोडंसं—"

"थोडंसं काय? माझे ओठ ओढल्यासारखे झालेत! आपण हे लोकांना पाजतो?"

अधिकाऱ्यांनी चाचरत विचारलं, "मग निकाल काय लिहू? यांना तर पाणीसुद्धा ओळखता आलं नाही."

"नाही ओळखता आलं. पण चांगलं काय आणि वाईट काय, ते इथे यांना एकट्यांनाच कळलं." साहेब माझ्याकडे वळले. "मीठ किती कमी करायचं ते तुम्ही ठरवा. खुर्ची आहे तिथेच राहील."

माझे डोळे भरून आले. नाक तर आधीपासूनच वाहत होतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मनातल्या मनात मी पळत घरी पोचलो होतो आणि बायकोला जिन्यातूनच हाका मारत होतो.

साहेबांनी पुन्हा एकदा ओठांवरून जीभ फिरवली, घसा खाकरला आणि माझ्या दुय्यमाला जरा हळू आवाजात विचारलं, "ते पाच नंबर अजून आहे का हो?"